समुद्रातलं प्रकाशसंश्लेषण आणि माशापर्यंत पोचणारी ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या अन्नसाखळीबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यांत शाळकरी मुलांचे प्रश्न आहेत, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे आहेत आणि ताटातल्या बांगड्याकडे बघून कुतूहल वाटलेल्यांचेही आहेत. उदाहरणं शक्यतो अरबी समुद्रातली घेतली आहेत. तो आपल्या दारातला आहेच, शिवाय मोसमी वाऱ्यांमुळे वर्षभरात त्याचं रूप जेवढं पालटतं तेवढं फार थोड्या समुद्रांचं पालटतं.

१. समुद्रात झाडं नाहीत. मग तिथे प्रकाशसंश्लेषण करतं कोण?

वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुतेक एकपेशीय जीव. पावसाळा सरल्यावर मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्याजवळ बारीक विणीची प्लवकजाळी होडीमागे थोडा वेळ ओढली, की तिच्या टोकाच्या बाटलीत तपकिरी, किंचित चिकट पाणी जमतं. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर कॉसिनोडिस्कस या डायटमच्या गोल चकत्या दिसतात. त्यांचं कवच काचेसारख्या सिलिकाचं असतं आणि आत सोनेरी ठिपके विखुरलेले असतात. ते ठिपके म्हणजेच हरितलवकं. शेजारी कीटोसेरॉस या दुसऱ्या डायटमच्या लांब केसांच्या माळा असतात. मधूनच एखादा कोपेपॉड, म्हणजे झिंग्याच्या जातकुळीतला इवलासा प्राणी, झटका देत निघून जातो. त्याचं अंग पारदर्शक असल्यामुळे आतड्यात भरलेला तोच तपकिरी रंग बाहेरून दिसतो. अन्नसाखळीच्या पहिल्या दोन कड्या एकाच थेंबात.

जाळीतून निसटून जाणारे याहून कितीतरी जास्त असतात. प्रोक्लोरोकॉकस नावाचा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो. तो १९८० च्या दशकात सापडला. सॅली चिसहोम, रॉबर्ट ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. उष्ण कटिबंधातल्या उघड्या समुद्रात एका मिलिलिटरमध्ये त्याच्या लाखभर पेशी असू शकतात. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांमध्ये संख्येने तोच पहिला मानतात.

खारफुटी, समुद्री गवत आणि किनाऱ्यावरच्या खडकांवरचं मोठं शेवाळ हेही उत्पादक आहेत. पण ते किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात. एकूण समुद्राच्या हिशेबात त्यांचा वाटा लहान.

२. उजेड पाण्यात किती खोल जातो?

पाणी किती नितळ आहे त्यावर अवलंबून. पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण एक टक्का जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत प्रकाशसंश्लेषण परवडतं, असा ढोबळ नियम आहे. त्याखाली पेशी दिवसभरात जेवढं कमावते त्याहून जास्त श्वसनात खर्च करते. लक्षद्वीपभोवतीच्या निळ्या पाण्यात ही हद्द शंभर मीटरच्या आसपास जाते. मुंबईच्या खाडीत गाळामुळे ती काही हातांवरच संपते.

रंगांचंही वेगळं गणित आहे. लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा सगळ्यांत खोल जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव मिरवणारा. त्याचा माथा वीस-पंचवीस मीटर खोलीवर आहे आणि पाणी नितळ, म्हणून तिथे जिवंत प्रवाळ टिकून आहे. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या एकपेशीय शैवालांना तेवढा उजेड पुरतो.

३. एवढे बारीक जीव जंगलांशी बरोबरी करतात हे खरं का?

उत्पादनात करतात, वजनात नाही. पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून सुमारे १०० अब्ज टन कार्बन सेंद्रिय रूपात बांधला जातो आणि त्यातला जवळपास निम्मा समुद्रात. पण कुठल्याही एका क्षणी मोजलं तर जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये सुमारे ४५० अब्ज टन कार्बन साठलेला असतो आणि समुद्रातल्या सगळ्या उत्पादकांमध्ये मिळून फक्त १ अब्ज टनाच्या आसपास.

सोन्याची पेढी आणि वडापावची गाडी यांच्यात जो फरक तोच इथे आहे: गाडीवर माल थोडा, पण दिवसभर येतो आणि जातो. झाड आपली कमाई खोडात, मुळांत अडकवून ठेवतं. प्लवकपेशीला खोडच नाही. ती एक-दोन दिवसांत दुभंगून दोन होते आणि तेवढ्याच वेगाने खाल्ली जाते. या फरकामुळे पुढे जो उलटा पिरॅमिड तयार होतो तो प्रश्न १० मध्ये आहे.

४. "आपला दर दुसरा श्वास समुद्रातून येतो" असं वाचलं. बरोबर आहे?

वाक्य चटकदार आहे, अर्थ फसवा आहे. वर्षभरात तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास निम्मा समुद्रात तयार होतो, इथवर ठीक. पण तो जवळजवळ सगळा समुद्रातच खर्च होतो. प्लवक स्वतः श्वसन करतात, त्यांना खाणारे करतात आणि मेलेल्यांना कुजवणारे जिवाणू तर सर्वांत जास्त करतात. जंगलांचंही तसंच आहे.

हवेतला २१ टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षांत साठलेला साठा आहे. समुद्रतळाच्या गाळात जो थोडासा सेंद्रिय कार्बन न कुजता पुरला गेला, त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन वर शिल्लक राहिला. उद्या समुद्रातलं प्रकाशसंश्लेषण थांबलं तर आपण गुदमरणार नाही, पण काही आठवड्यांत समुद्रातलं खाणं संपायला लागेल. प्लवकांची काळजी करायची ती श्वासासाठी नव्हे, अन्नासाठी.

५. एप्रिल-मेमध्ये ऊन एवढं कडक असतं. मग समुद्रात सगळ्यांत जास्त उत्पादन पावसाळ्यात कसं?

या पानावरच्या निम्म्याअधिक प्रश्नांचं उत्तर या एका प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्लवकांना उजेडाबरोबर नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका आणि चिमूटभर लोह लागतं. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं, की समुद्रातल्या प्लवकांच्या शरीरात नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात असतात. आज हे प्रमाण १०६ कार्बन अणूंमागे १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस असं सांगतात. यातलं एक संपलं की बाकीचं कितीही असो, वाढ थांबते. आणि ही द्रव्यं संपतात ती वरच्याच थरात, कारण प्लवक तिथे ती वापरतात आणि मेल्यावर, खाल्ले गेल्यावर खाली बुडतात. थोडक्यात, समुद्राची मूळ अडचण अशी: उजेड वर, खत खाली. दोघांची गाठ घालून देणारं काहीतरी लागतं आणि बहुतेक वेळा ते काम वारा करतो.

मे महिन्यात अरबी समुद्र तापलेला आणि शांत असतो. वर हलकं, गरम पाणी, खाली जड, थंड पाणी. दोन्ही मिसळत नाहीत. वरचं खत संपलेलं. म्हणून पाणी सुंदर निळं दिसतं. निळं पाणी म्हणजे वाळवंट, हे पर्यटकाला पटत नाही, मच्छीमाराला सांगावं लागत नाही. या काळात कधीकधी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखे पिवळट पट्टे तरंगताना दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम, हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेणारा जिवाणू. खताचा दुष्काळ असतो तेव्हाच त्याची चलती.

जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारा सुटतो. सोमालियाजवळून अरबस्तानच्या बाजूने वाहणारा त्याचा जोरदार झोत फिंडलेटर जेट म्हणून ओळखला जातो. हा वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर हे फार मोठ्या प्रमाणात होतं. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर, आणि उत्तरेला गोव्यापर्यंत, त्याहून सौम्य. ढगांनी ऊन कमी होतं हे खरं, पण तेवढ्याने फारसं बिघडत नाही. अडलेलं होतं ते खतासाठी.

दुसरी फेरी हिवाळ्यात. डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून कोरडा, गार वारा येतो. गुजरातच्या पलीकडच्या उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड आणि जड होऊन बुडतं आणि शंभरेक मीटरपर्यंत ढवळलं जाऊन नायट्रेट वर येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे कोडं उलगडलं. त्याआधी हिवाळ्यात उत्तरेला एवढे प्राणिप्लवक (कोपेपॉडसारखे वाहते प्राणी) कसे, याचा नीट मेळ लागत नव्हता.

६. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी सगळ्या खत घेऊन येतात. मग तिथे जास्त उत्पादन हवं ना?

तर्क बरोबर, पण निकाल उलटा. नद्यांचं गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं आणि तिथला वारा अरबी समुद्राइतका जोरदार नसल्यामुळे ते झाकण फुटत नाही. खालचं खत खालीच राहतं. नद्यांनी आणलेलं खत मुखाजवळच संपतं आणि गाळाने पाणी गढूळ होऊन उजेड अडतो तो वेगळाच. वादळ येऊन गेलं की मात्र पाणी ढवळतं आणि त्याच्या वाटेवर काही दिवस हिरवा पट्टा उमटतो.

७. दर पायरीला १० टक्केच ऊर्जा पुढे जाते, हा नियम खरा का?

सरासरी म्हणून खरा, नियम म्हणून नाही. हा विचार रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये मांडला, तोही समुद्रात नव्हे, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका छोट्या तळ्यावर काम करून. लेख छापून येण्याआधीच ते वारले. पुढे जगभरच्या पाण्यातल्या अन्नजाळ्यांचे हिशेब मांडल्यावर सरासरी खरोखरच १० च्या जवळ निघाली, पण वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे २ पासून २० च्या पुढेपर्यंत पसरलेले आहेत.

बाकीचं जातं कुठे? काही भाग खाल्लाच जात नाही. काही न पचता विष्ठेतून बाहेर पडतो. उरलेल्यातला मोठा वाटा पोहणं, शिकार, शरीर चालवणं यात खर्च होऊन उष्णतेच्या रूपात निघून जातो. अंगाला लागतं ते उरलंसुरलं.

खरी गंमत टक्क्यापेक्षा पायऱ्यांच्या संख्येत आहे. एक किलो सुरमईचा हिशेब मांडून बघा. सुरमईने तारली खाल्ली आणि तारलीने थेट डायटम खाल्ले, तर एका किलोमागे १० किलो तारली आणि १०० किलो प्लवक लागले. तीच तारली कोपेपॉडवर वाढली असेल तर मध्ये एक पायरी आली आणि १,००० किलो प्लवक लागले. आता खोल समुद्रातली कुपा (टूना) घ्या. तिथले उत्पादक इतके बारीक की कोपेपॉडलाही ते धरता येत नाहीत. आधी सूक्ष्म एकपेशीय प्राणी त्यांना खातात, त्यांना कोपेपॉड, त्यांना छोटे मासे आणि मग कुपा. एका किलोमागे १०,००० किलो.

जॉन रायथर यांनी १९६९ मध्ये हाच धागा पकडून म्हटलं, की खालचं पाणी वर येणाऱ्या पट्ट्यांचं क्षेत्र समुद्राच्या फक्त ०.१ टक्का असलं तरी जगातले जवळपास निम्मे मासे तिथे तयार होतात. त्यांचे आकडे आज कोणी जसेच्या तसे मानत नाही, पण कल्पना टिकली आहे: खत जास्त म्हणजे पेशी मोठ्या, पेशी मोठ्या म्हणजे पायऱ्या कमी. पेरूच्या किनाऱ्यावर १९७० मध्ये एकट्या अँकोवेटा माशाची पकड १.२ कोटी टनांच्या पुढे गेली होती ती यामुळेच. १९७२ च्या एल निन्योने, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या घटनेने, थंड पाण्याचं वर येणं मंदावलं आणि आधीच बेसुमार मारलेला तो साठा कोसळला.

८. बोंबील, जवळा, बांगडा हे या साखळीत नेमके कुठे बसतात?

जवळा हा झिंग्याचा धाकटा भाऊबंद, दोन-तीन सेंटिमीटरचा. तो डायटम, कोपेपॉड आणि पाण्यात तरंगणारा कुजका कचरा, मिळेल ते खातो. म्हणून त्याला एका पायरीवर बसवता येत नाही. दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये कुठेतरी.

बोंबील दिसतो लुळा, पण तोंड उघडून बघा: मागे वळलेल्या सुयांसारख्या दातांच्या रांगा. पक्का शिकारी आहे तो. त्याच्या पोटात सगळ्यांत जास्त काय सापडतं तर जवळा, आणि वेळ पडली तर लहान बोंबीलही. वसई, उत्तन, सातपाटीकडची डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवतात. तिच्यात बोंबील, जवळा आणि मांदेली एकत्र येतात याचं कारण हेच, की खाणारा आणि खाद्य एकाच प्रवाहात असतात. या भागातल्या साखळीला खाड्यांमधून येणाऱ्या चिखलाचा आणि खारफुटीच्या कुजक्या पानांचाही आधार आहे, नुसत्या जिवंत प्लवकांचा नाही.

तारली आणि बांगडा गाळून खाणारे. तारलीचे कल्ले बारीक चाळणीसारखे असतात आणि डायटम भरपूर असतील तेव्हा ती थेट त्यांच्यावर जगते. बांगडा प्राणिप्लवकांकडे जरा जास्त झुकतो. साखळी आखूड असल्यामुळे हे मासे अमाप होतात आणि त्याच कारणाने त्यांचं नशीब मोसमी पाण्याला बांधलेलं असतं. केरळात २०१२ मध्ये तारलीची पकड ४ लाख टनांच्या जवळ होती, २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. यात मासेमारीचा दोष किती आणि समुद्राचा किती, यावर भांडण अजून मिटलेलं नाही.

९. पायऱ्या वाढल्या की नुकसान होतं, तर मग माणसाने थेट प्लवकच का खाऊ नयेत?

गाळायचा खर्च. चांगल्या पाण्यातही एका घनमीटरमध्ये प्लवकांचं सुकं वजन ग्रॅमभरही भरत नाही. हजार लिटर पाणी उपसून, गाळून चमचाभर खारट चिखल मिळवण्यात जेवढं डिझेल जाईल तेवढं पोषण त्यातून मिळणार नाही. मासे हे काम आपल्यासाठी फुकटात करतात. देवमाशाला ते परवडतं कारण तो दाट थवे शोधून एकेका घासात कित्येक टन पाणी घेतो. आणि तसं पाहिलं तर सुक्या जवळ्याची चटणी खाणारे आपण साखळीच्या बरेच खाली उतरलेलोच आहोत.

१०. पुस्तकात पिरॅमिड तळाशी रुंद असतो. समुद्रात तो उलटा असतो म्हणतात, ते कसं? मग १० टक्क्यांचं काय?

दोन वेगळे पिरॅमिड आहेत आणि पाठ्यपुस्तकं ते बऱ्याचदा एकाच चित्रात कोंबतात. एका क्षणी वजन केलं तर समुद्रात उत्पादक सुमारे १ अब्ज टन कार्बन आणि त्यांना खाणारे प्राणी, जिवाणू वगैरे मिळून सुमारे ५ अब्ज टन. हा झाला वजनाचा पिरॅमिड, आणि तो खरोखर उलटा आहे. पण वर्षभरात किती ऊर्जा कुठून कुठे गेली हे मोजलं तर तळ रुंदच राहतो, आणि तो उलटा होऊच शकत नाही. प्लवक आठवडाभरही जगत नाहीत, मासे वर्षानुवर्षं जगतात. वर जुनी पुंजी साठत जाते, खाली फक्त उलाढाल चालते (प्रश्न ३). परीक्षेत विचारलं तर आधी विचारा: वजनाचा की ऊर्जेचा?

११. ऊर्जा आणि पोषकद्रव्यं, दोन्ही फिरतात का?

नाही. द्रव्यं फिरतात, ऊर्जा फक्त पुढे सरकते. नायट्रोजनचा अणू डायटममधून तारलीत, तिथून विष्ठेत आणि पुन्हा डायटममध्ये येऊ शकतो. उष्णता होऊन निघून गेलेली ऊर्जा परत येत नाही, ती रोज सूर्याकडूनच नव्याने यावी लागते.

१२. जे प्लवक कोणी खात नाही, त्यांचं काय होतं?

बहुतेकांचं वरच्या थरातच काम तमाम होतं. पेशी फुटून, विषाणूंनी मरून किंवा अर्धवट खाल्ली जाऊन त्यांतला सेंद्रिय द्रव पाण्यात विरघळतो. जिवाणू तो पितात, सूक्ष्म प्राणी जिवाणूंना खातात, आणि थोडी ऊर्जा अशी आडवाटेने पुन्हा मुख्य साखळीत येते. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या आडवाटेला सूक्ष्मजीवांचा फेरा असं नाव दिलं आणि सरळ साखळीचं जुनं चित्र कायमचं बदललं.

उरलेलं खाली बुडतं: मेलेल्या पेशी, कोपेपॉडच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या, चिकट द्रव, सगळं एकत्र चिकटून पांढुरके तुकडे होतात. पाणबुडीच्या दिव्यात ते बर्फ पडल्यासारखे दिसतात. काही माल जिवंत प्राणीही खाली नेतात. उत्तर अरबी समुद्रात कंदीलमाशांचे प्रचंड थवे रात्री वर येऊन खातात आणि दिवसा काही शे मीटर खाली, जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जाऊन लपतात. तिथे त्यांचा पाठलाग करायला फारसं कोणी धजावत नाही.

१३. उत्पादन जितकं जास्त तितकं चांगलंच ना?

एका हद्दीपर्यंत. बुडणारा माल कुजवायला ऑक्सिजन लागतो. अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे, खोल पाणी सावकाश बदलतं आणि वरून सेंद्रिय पाऊस मोठा. म्हणून साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन नावापुरता उरतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्याचा वायू करून टाकतात, म्हणजे खतच नाहीसं करतात.

पावसाळ्यात वर येणारं पाणी याच कमी ऑक्सिजनच्या थरावरून येतं. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून नेमाने मोजमाप घेते आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा ऑक्सिजन संपतो आणि कधी कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. दक्षिणेकडे अशा वेळी तळाजवळचे मासे आणि कोळंबी किनाऱ्याकडे रेटली जातात. जाळ्यात भरपूर येतात खरे, पण ती बरकत नव्हे, पळापळ आहे.

१४. रात्री लाटा निळ्या चमकतात, तेही प्रकाशसंश्लेषणच का?

नाही, तो उजेड घेणं नव्हे, उजेड देणं आहे. लाटेचा धक्का लागला की नॉक्टिल्युकासारखे एकपेशीय जीव रासायनिक क्रियेतून क्षणभर प्रकाशतात. कोकणात हे पाहायला आता गर्दी होते.

पण नॉक्टिल्युका या पानावर एका वेगळ्या कारणाने हवा. त्याचा हिरवा प्रकार स्वतःच्या पेशीत शेकडो हिरवी शैवालं पाळतो, त्यांनी बनवलेलं अन्न वापरतो आणि वर डायटमही गिळतो. म्हणजे उत्पादक आणि भक्षक एकाच पेशीत. कुठल्या पायरीवर बसवणार? या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात जिथे डायटम फुलायचे तिथे हा फुलू लागला आहे. त्याला मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक प्राणी) आणि जेलीफिश खातात, माशांना त्याचा उपयोग कमी. उत्पादन तेवढंच राहूनही ताटातला मासा कमी होऊ शकतो तो असा.

१५. उपग्रहावरून मासे दिसतात का?

मासे नाही, पाण्याचा रंग दिसतो. हरितद्रव्य निळा उजेड शोषतं, त्यामुळे प्लवक वाढले की पाणी निळ्याचं हिरवट होतं. भारताचा ओशनसॅट-१ हा उपग्रह मे १९९९ मध्ये यासाठीच सोडला गेला आणि त्या मालिकेतला तिसरा नोव्हेंबर २०२२ मध्ये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था रंग आणि पाण्याचं तापमान जुळवून मासे मिळण्याची शक्यता असलेल्या जागा मच्छीमारांना कळवते. थंड आणि गरम पाण्याच्या सीमेवर प्लवक जमतात, तिथे छोटे मासे, मागे मोठे.

मर्यादा तीन. उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो, खोलवरचे प्लवक दिसत नाहीत. खाडीच्या तोंडाशी गाळ आणि हरितद्रव्य यांत गल्लत होते. आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे प्रश्न ५ मध्ये म्हटल्याप्रमाणे सगळी धमाल चालू असताना, ढग आड येतात. जून-जुलैत बंदीमुळे होड्या किनाऱ्यालाच असतात हे त्यातल्या त्यात बरं.

१६. लोह टाकून प्लवक वाढवले तर मासेही वाढतील आणि कार्बनही बुडेल, असं का करत नाहीत?

करून पाहिलं आहे, आणि त्यात गोव्याचा मोठा वाटा होता. २००९ च्या सुरुवातीला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून पोलारस्टर्न या जहाजावरून दक्षिण महासागरातल्या एका भोवऱ्याच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात सुमारे सहा टन लोह सोडलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स. पहिला शब्द आपलाच. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे प्रमुख होते. प्रयोगावर पर्यावरणवाद्यांनी इतका गदारोळ केला की जर्मन सरकारने लोह सोडण्याआधी तो काही दिवस अडवूनही धरला.

प्लवक वाढले, पण मर्यादेतच. त्या पाण्यात सिलिका संपलेली होती, त्यामुळे कवच बांधणारे डायटम वाढू शकले नाहीत. मऊ अंगाचे जे वाढले ते कोपेपॉडनी फस्त केले, आणि कोपेपॉडना अँफिपॉड या झिंग्यासारख्या प्राण्यांनी. खाली बुडालेला कार्बन नगण्य. डायटमना पोषक पाण्यात आधी झालेल्या काही प्रयोगांत जास्त कार्बन बुडाला होता, म्हणजे गोष्ट साफ खोटी नाही. पण लोह टाकणं आपल्या हातात आहे, पुढे कोण कोणाला खाईल हे नाही.

१७. समुद्र तापतो आहे. अरबी समुद्रातलं उत्पादन कमी झालं का?

यावर दोन विरुद्ध निष्कर्ष आले आहेत आणि दोन्ही नीट वाचायला हवेत. जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रहाच्या सात-आठ वर्षांच्या नोंदींवरून पश्चिम अरबी समुद्रात प्लवक वाढल्याचं म्हटलं. हिमालयातला बर्फ कमी झाल्याने जमीन जास्त तापते, मोसमी वारा जोर धरतो आणि खालचं पाणी जास्त वर येतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सहा दशकांचा विचार करून पश्चिम हिंदी महासागरात २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं मांडलं. वरचं पाणी तापून हलकं झालं की ढवळणं अवघड होतं, म्हणजे मे महिन्याची स्थिती जास्त काळ टिकते.

माझा कौल दुसऱ्या बाजूला. सात-आठ वर्षांचा कल हा समुद्रासाठी फार तोकडा असतो, आणि पाणी तापल्यावर थर घट्ट होणं हे साधं भौतिकशास्त्र आहे. मात्र एकूण आकड्यापेक्षा कोणते प्लवक वाढतात (प्रश्न १४) याकडे जास्त लक्ष हवं.

१८. उजेड अजिबात न पोचणाऱ्या तळावरही जीव आहेत. ते प्रकाशसंश्लेषणावर अवलंबून नाहीत ना?

बहुतेक आहेत, वरून पडणाऱ्या मालावर (प्रश्न १२). खरा अपवाद १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोलीवर सापडला. तिथे तळातून उसळणाऱ्या गरम झऱ्यांभोवती जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवतात आणि लांबलचक नळीकृमी त्या जिवाणूंना पोटात पाळतात. हिंदी महासागराच्या मध्य कटकावरही, म्हणजे तळावरच्या डोंगररांगेवर, असे झरे आहेत.

पण अपवादालाही अपवाद आहे. यातले बरेच जिवाणू सल्फाइड जाळायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, आणि तो ऑक्सिजन कधीकाळी वर उजेडात तयार होऊन बुडत्या थंड पाण्याबरोबर खाली आलेला असतो. सूर्याशी पूर्ण फारकत घेतलेले जीव म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगणारे, ऑक्सिजनला हातही न लावणारे, मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव. २०२४ मध्ये तळावरच्या धातूंच्या गोळ्यांपासून अंधारातच ऑक्सिजन तयार होतो असा दावा प्रशांत महासागरातल्या मोजमापांवरून झाला. त्याच्या पद्धतीवर बरेच आक्षेप आले आहेत, त्यामुळे ते निकाली निघेपर्यंत परीक्षेच्या उत्तरात तो लिहू नका.